डोलकाठी उभी करायची कशी: हातांनी, गिन पोलने, ए-फ्रेमने की क्रेनने?

बोट ट्रेलरवरून नेणाऱ्याला डोलकाठी उभी-आडवी करण्याचं काम हंगामात कितीदा तरी करावं लागतं. बहुतेक जण पद्धत ठरवतात ती काठीच्या वजनावरून. "दोघांना उचलते ना, मग झालं." मी मात्र आधी एक वेगळा प्रश्न विचारेन: काठी अर्ध्यावर आलेली असताना काही अडकलं, तर तिला तिथेच थांबवून तुम्हाला हात मोकळे करता येतील का?

कारण अडकतंच. आमच्या काठीचं एकदा असंच झालं. ती साधारण 45 अंशांवर आली आणि पुढे हलेना. डावीकडच्या श्राउडचा, म्हणजे काठीला बाजूने धरणाऱ्या तारेचा, टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड) डेकवर आडवा पडून तिरपा अडकला होता. आणखी जोर लावला असता तर त्याचा आट्यांचा दांडा वाकला असता, आणि वाकलेल्या दांड्यावर डोलकाठीचा भरवसा ठेवता येत नाही. तो सरळ करायला फक्त दोन बोटं लागणार होती, पण आमचे चारही हात काठीखाली होते. शेवटी काठी पुन्हा खाली घ्यावी लागली.

हातांनी उचलण्याची खरी मर्यादा हीच. पाच-सहा मीटरची हलकी काठी असेल, वारा नसेल आणि सोबत एक सरावाचा माणूस असेल, तर यापेक्षा झटपट मार्ग नाही. न सामान, न जुळवाजुळव. पण हात डोक्यावर धरून पुढे चालताना ते शेंड्याकडून बुंध्याकडे सरकत जातात, तरफेचा फायदा कमी होतो आणि नेमका मधल्या टप्प्यातच भार अंगावर येतो. त्यात पाय कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेतून, केबिनच्या छपरावर टाकायचा असतो. एकट्याने तर हे करूच नका.

गिन पोल म्हणजे काठीच्या बुंध्याशी, तिच्याशी काटकोनात पुढे जोडलेला एक दांडा. त्याची गरज का पडते, ते समजून घ्यायला हवं. काठी मागे आडवी असताना फोरस्टे, म्हणजे काठीच्या वरच्या भागातून पुढे येणारी तार, नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) थेट ओढला, तर तार जवळजवळ काठीच्याच रेषेत असते. ताण प्रचंड येतो, पण काठी उठत नाही. तार दांड्याच्या टोकाला बांधून तिथून नाळेकडे दोरी ओढली, की ओढीला कोन मिळतो. 8 मीटर लांबीची, 20 किलोची काठी धरा. तिचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून 4 मीटरवर आहे, दांडा 2 मीटरचा आहे आणि नाळ बुंध्यापासून 3 मीटर पुढे आहे. मग सुरुवातीला दोरीवर साधारण 48 किलोची ओढ येते. चार पदरी कप्पी लावली की हातात 12 किलो, घर्षण धरून थोडं जास्त. पुढे काठी वर येईल तशी ओढ कमीच होत जाते. आणि मुख्य म्हणजे दोरी क्लीटला (डेकवरच्या दोरी बांधायच्या खुंटीला) अडकवली की काठी जिथल्या तिथे थांबते. मग सावकाश जाऊन टर्नबकल सोडवा.

त्याचा दोष आहे बाजूला कलंडण्याचा. दांडाही कलंडतो आणि काठीही. श्राउडच्या तारा काठी पूर्ण उभी होईपर्यंत बहुधा सैलच असतात, त्यांच्यावर विसंबू नका. दोन्ही बाजूंना तात्पुरत्या दोऱ्या हव्यात, आणि त्यांची खालची टोकं काठीच्या बुंध्याशी असलेल्या बिजागरीच्या पिनच्या रेषेत, त्याच उंचीवर बांधलेली हवीत. ती रेषा चुकली, तर काठी उठताना एक तर दोरी सैल पडते नाही तर तटतटून ताणली जाते. एकदा जागा सापडली की तिथे कायमचा आयलेट (दोरी अडकवायचं कडं) बसवून टाका.

ए-फ्रेममध्ये एका दांड्याऐवजी दोन पाय असतात, डेकच्या दोन कडांवर टेकलेले, त्यामुळे फ्रेम स्वतः कलंडत नाही. नऊ-दहा मीटरच्या जड काठीला मी हीच निवडेन. पण ती अवजड असते, ट्रेलरवर जागा खाते आणि लावायला वेळ घेते. काठीच्या बाजूच्या दोऱ्या इथेही लागतातच. फ्रेम आहे म्हणून त्या गाळणं चुकीचं आहे.

थांबवण्याच्या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर मात्र जुनं आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या मालवाहू वेरी होड्यांच्या काठीच्या बुंध्याला जड वजन जोडलेलं असे. तोललेली ती भलीमोठी काठी पुलाखालून जाताना आडवी होई आणि पलीकडे पुन्हा उभी राही. ट्रेलरवरच्या बोटीला एवढा भार परवडत नाही, एवढंच.

क्रेनबद्दल फार चर्चा नको. काठी डेकमधून खाली थेट कीलवर, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यावर, टेकत असेल, तर ती सरळ वर उचलूनच काढावी लागते. दुसरा पर्यायच नाही. डेकवर टेकणाऱ्या काठीसाठी मात्र दरवेळी क्रेनवर अवलंबून राहिलात, तर बोट कमी वेळा पाण्यात जाईल.

पद्धत कुठलीही असो, आधी वर बघा. ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर दोन्हींतून वीज वाहते. डोक्यावर किंवा पाण्यापर्यंतच्या वाटेवर विजेची तार असेल, तर काठी दुसरीकडे उभी करा.

निवड करताना चढवण्याइतकाच उतरवण्याचाही विचार करा. उतरवताना आधी पुढच्या लोअर श्राउड, म्हणजे काठीच्या मधल्या भागातून पुढे डेकवर येणाऱ्या तारा, सोडाव्या लागतात, नाहीतर काठी मागे येतच नाही. उभ्या काठीला सुरुवातीला थोडं मागे ढकलावं लागतं, आणि मग भार वाढतच जातो. अगदी शेवटी, काठी आडवी होत आलेली असताना आणि दिवसभराच्या सफरीनंतर हात दमलेले असताना, तो सर्वांत जास्त असतो. म्हणून सहा मीटरच्या आतली काठी आणि नेहमीचा जोडीदार असेल तर हात पुरे. एरवी, आणि एकटे जात असाल तर नक्कीच, गिन पोल घ्या; नऊ-दहा मीटरच्या जड काठीला ए-फ्रेम. उतरवताना दोरी विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या नळकांड्यावर) दोन-तीन वेढे देऊन सोडा, म्हणजे काठी तुमच्या मर्जीने खाली येईल.