हिडन फील्ड की व्ह्यूमध्ये जोडलेलं नातं?

जँगोमध्ये (पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) पुस्तकाच्या प्रकरणाचा फॉर्म भरताना ते कोणत्या पुस्तकाचं, हे दोन प्रकारे सांगता येतं. पुस्तकाचा आयडी हिडन फील्डमध्ये ठेवला की काम लगेच होतं. पण हिडन म्हणजे फक्त डोळ्यांआड! ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून कोणीही तो आकडा बदलेल, आणि सर्व्हरवर मालकी तपासली नसेल तर प्रकरण दुसऱ्याच्याच पुस्तकात बिनबोभाट सेव्ह होईल. मला हे अजिबात पटत नाही.

म्हणून मी आयडी यूआरएलमधून घेतो, पुस्तक त्याच वापरकर्त्याचं आहे ना ते पाहतो, आणि कमिट फॉल्स ठेवून (म्हणजे फॉर्म लगेच डेटाबेसमध्ये न लिहिता) पुस्तकाशी नातं व्ह्यूमध्ये, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये, जोडतो. दोन-चार ओळी जास्त, एवढंच. अनेक प्रकरणं एकदम असतील तर इनलाइन फॉर्मसेट, म्हणजे एकाच पुस्तकाच्या प्रकरणांचे फॉर्म एकत्र, बरा. तिथे मात्र मॅनेजमेंट फॉर्म (फॉर्म किती आहेत हे सांगणारी हिडन फील्ड्स) आणि प्रत्येक फॉर्मचा हिडन आयडी टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) हवाच, नाहीतर व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणी, अडतं.