प्लगचा वॉटमीटर: घरात वीज नक्की कोण खातंय?

मी डोंबिवली पूर्वेला घरीच ब्लाउज शिवते. लग्नसराईत मशीन सकाळी दहाला चालू होतं ते रात्रीच्या जेवणापर्यंत. मे महिन्याचं बिल 268 युनिटचं आलं आणि घरात नेहमीचं भांडण जुंपलं. ह्यांच्या मते दोष माझ्या इस्त्रीचा, माझ्या मते मुलाच्या गिझरचा. सासूबाई तर सगळ्यांचे मोबाइल चार्जर सॉकेटमधून उपटत फिरत होत्या. पुतण्या म्हणाला, "काकू, भांडताय कशाला, मोजा की." त्यानेच ऑनलाइन हा प्लगचा वॉटमीटर मागवून दिला. 1,050 रुपये पडले.

वस्तू साधी. मीटर सॉकेटमध्ये खोचायचा, त्याच्यात फ्रिजची किंवा मिक्सरची पिन खोचायची. व्होल्ट, अँपिअर, वॉट, पॉवर फॅक्टर आणि आतापर्यंत जळलेली युनिटं पडद्यावर दिसतात. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढं माहीत असलं तरी पुरे.

आधी कुरकुर. माझा मीटर 16 अँपिअरचा आहे. वर लहानमोठ्या दोन्ही पिना बसतात, पण त्याच्या स्वतःच्या पिना जाड. आमच्या जुन्या बिल्डिंगीत जाड पिनेचं सॉकेट फक्त गिझरला. मग जाड पिनेची एक्स्टेन्शन आणली, त्याचे वेगळे पैसे. पडद्याला उजेड नाही, त्यामुळे फ्रिजच्या मागे हात घालून टॉर्चने आकडे वाचावे लागतात. अंगाने इतका रुंद की शेजारचं बटण झाकतो.

पहिल्याच दिवशी शिलाई मशीनला लावला आणि खुर्चीतच बसून राहिले. माझं मशीन कारखान्यातल्यासारखं, टेबलाखाली क्लच मोटार असलेलं, जुनं घेतलेलं. पायडल दाबलेलं नव्हतं, सुई जागची हलत नव्हती, तरी पडद्यावर 147 वॉट! क्लच मोटार बटण दाबल्यापासून फिरतच असते, पायडल फक्त तिला पट्ट्याशी जोडतं. तो घूं आवाज मी आठ वर्षं ऐकतेय, पण त्याचे पैसे जातात हे डोक्यातच आलं नाही. कापड बेतताना, हुक लावताना, गिऱ्हाइकाशी गळ्याच्या आकारावरून हुज्जत घालताना मोटार आपली सुरूच. दिवसाचे चार तास जरी असे फुकट गेले तरी महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंधरा युनिटं.

सर्व्हो मोटार बसवली, 3,400 रुपये. ही पायडल दाबलं तरच फिरते, एरवी चार-पाच वॉट. आवाज नाही. पहिला आठवडा मशीन बंद पडलंय असंच वाटायचं. सगळे आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून माझं शेवटचं युनिट मला साधारण तेरा रुपयांना पडतं, म्हणजे दीड वर्षात मोटारीचे पैसे वसूल. घरी शिवणाऱ्या बायकांनी दुसरं काही नाही तरी एवढं वाचा.

आता माझा मूर्खपणा. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी 'वीज वाचवणारी' पांढरी डबी घेतली होती, सॉकेटला लावा आणि बिल तीस-चाळीस टक्के कमी करा म्हणे. तिच्यावर हिरवा दिवा लागतो, तो बघून मला बरं वाटायचं. क्लच मोटार काढण्यापूर्वी मोटार आणि डबी एकाच एक्स्टेन्शनवर घेतली आणि मीटर मागे लावला. डबी नसताना 1.6 अँपिअर, 147 वॉट. डबी लावल्यावर 1.3 अँपिअर, आणि वॉट तेच, 147! विकणाऱ्याने आम्हाला अँपिअरचा काटा खाली आलेला दाखवला होता, तो खोटा नव्हता. डबीत कपॅसिटर असतो, तो अँपिअर कमी करतो. पण घरगुती मीटर बिल अँपिअरवर करत नाही, वॉट आणि तास यांच्यावर करतो. पुतण्याने हे समजावलं आणि वर हसला. डबी कचऱ्यात गेली. माझ्या मते मीटरचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले, कारण ह्यांच्या ऑफिसातले तिघे तीच डबी घेणार होते.

बाकीच्यांचा निकाल पटापट सांगते. चार्जर नुसता खोचून ठेवला तर 0.0. इतकं बारीक हा मीटर मोजत नसेल, पण सासूबाईंनी चार्जर उपटणं थांबवलं. मिक्सर पाचशे वॉटचा असला तरी चटणी पाच मिनिटांत होते, त्यात काही नाही. इस्त्री हजार वॉटची, पण तापली की आपोआप बंद-चालू होते, त्यामुळे ह्यांचा आरोप अर्धाच खरा. सेट-टॉप बॉक्स मात्र लबाड. रिमोटने बंद केला तरी 10 वॉटच्या आसपास, म्हणजे चोवीस तास तसाच ठेवला तर महिन्याला सात युनिटं. आता रात्री भिंतीवरचं बटण बंद.

गिझरच्या बाबतीत मला माघार घ्यावी लागली. 15 लिटरची टाकी एकदा तापायला साधारण 0.6 युनिट लागलं. मुलगा बटण बंद करायला विसरतो म्हणून मी रोज ओरडायचे, तर नुसता तापलेला गिझर तीन तास ठेवून बघितला, 0.1 युनिट. खरा खर्च पाण्याचा. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहिलं की दोन हजार वॉटने अर्धं युनिट जातं. म्हणजे ओरडायचं ते बटणावरून नाही, शॉवरवरून. बादली सुरू झाली आहे, कुरकुरीसकट.

फ्रिज चोवीस तास मोजला, 1.4 युनिट. एका दारवाल्या छोट्या फ्रिजला हे जास्त वाटलं. दाराच्या रबरात वहीचा कागद अडकवून ओढला तर खालच्या कोपऱ्यात तो सहज निघाला. रबर बदललं आणि पुन्हा मोजलं, 1.05.

छताच्या पंख्याला पिन नसते, तिथे हा मीटर बिनकामाचा. पण खालच्या वीजमीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, आमच्याकडे 3200, म्हणजे 3200 लुकलुकी झाल्या की एक युनिट. घरातलं सगळं बंद केलं, फक्त हॉलचा पंखा फुल ठेवला. मुलगा वर, मी जिन्याखाली फोन कानाला लावून. वॉचमनने दोनदा येऊन विचारलं, "ताई, लाइट गेली का?" मिनिटाला चार लुकलुकी, म्हणजे 75 वॉट. बीएलडीसी, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या मोटारीचा पंखा बसवल्यावर दोन मिनिटांत तीन, म्हणजे तीस वॉटच्याही आत. त्यानंतर शिवायच्या खोलीतला पंखाही बदलला, कारण तो दिवसभर माझ्या डोक्यावर असतो. या पंख्यांना रिमोट असतो आणि सासूबाईंना तो आवडत नाही. त्या भिंतीवरूनच बंद करतात आणि मग रिमोट चालत नाही म्हणून मला हाक मारतात.

बिल? मागच्या ऑगस्टला 221 युनिटं होती, या ऑगस्टला 173. महिन्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, मे आणि ऑगस्टची करू नका. शेजारची वहिनी म्हणते, शंभर ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात. तसं नाही, फक्त शंभराच्या पुढची होतात. पण त्या पुढच्या युनिटांचा वीज आकार दुपटीहून अधिक असतो, आणि वाचतात ती हीच वरची महाग युनिटं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा उजेड नसल्याबद्दल कापला, एक जाड पिनेबद्दल. एका घराला हा पंधरा दिवसांपेक्षा जास्त लागत नाही, तेव्हा चार घरांनी मिळून एकच घ्या. आमचा सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वॉशिंग मशीनला लावलाय, त्यानंतर वहिनीचा नंबर. घेताना 16 अँपिअरचाच घ्या, दहाचा गिझरला अगदी काठावर येतो. आणि सोबत जाड पिनेची एक्स्टेन्शन मागवा, नाहीतर माझ्यासारखं आलेलं पार्सल दोन दिवस टेबलावर ठेवून बघत बसावं लागेल.