अमेरिकेतून आणलेला हँडलवाला वेदर रेडिओ मुंबईत कितपत कामाचा?

सोसायटीत ज्याने त्याने तो लाल रेडिओ हातात घेऊन गरागरा फिरवून बघितलाय आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, आम्हीपण मागवू का? म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिकडे ही लाल डबडी कितीतरी नावांनी मिळतात आणि आतला माल बहुतेक तोच असतो. किंमत तीसेक डॉलर. आकार म्हणाल तर अंघोळीच्या साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या एवढा. त्यात एएम, एफएम, हवामानाचे इशारे ऐकायचा वेदर बँड, टॉर्च, सायरन, वर चिमुकलं सोलर पॅनल, मोबाईल चार्ज करायला यूएसबी आणि बाजूला ते फिरवून चार्ज करायचं हँडल.

लेकीच्या बाळंतपणाला ओक्लाहोमा सिटीला गेले होते, नेमका वसंताचा सीझन, आणि तिथे या दिवसांत लोक आपल्याकडे श्रावणात पंचांग बघावं तसं रोज सकाळी वादळाचा अंदाज बघतात. कारण साधं आहे. खालून मेक्सिकोच्या आखाताकडून गरम दमट हवा वर येते, पश्चिमेकडून डोंगराळ भागातली कोरडी हवा तिच्यावर चढते, त्याच्याही वर जोराचे वारे, आणि उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग न् दिशा बदलत गेली की आख्खा ढगच स्वतःभोवती फिरायला लागतो. त्यातल्या काहींतून टोर्नेडो खाली उतरतो. शेजारच्या मूर गावात २० मे २०१३ ला ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा टोर्नेडो आला होता, ताशी ३२० किलोमीटरच्या वरचा वारा, २४ माणसं गेली आणि त्यात सात पोरं एका प्राथमिक शाळेतली. लेकीचं घर लाकडी, बेसमेंट नाही (तिथे बऱ्याच घरांना नसतंच), म्हणून गॅरेजच्या जमिनीत स्टीलची पेटी पुरल्यासारखं शेल्टर केलंय, वरून सरकतं झाकण. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं या बिळात मी उतरणार नाही. उतरले, मुकाट्याने.

तर मी तिथे असताना एका रात्री टोर्नेडोचा इशारा आला, तेव्हा आम्हाला उठवलं ते या लाल रेडिओने नाही, हे आधी सांगते. जावयांनी पलंगाशेजारी दुसरा एक पांढरा टेबलावरचा सेट ठेवलाय, त्यात आपल्या काउंटीचा (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा) सहा आकडी कोड घालून ठेवायचा, ओक्लाहोमा काउंटीचा ०४०१०९, मग फक्त आपल्या काउंटीसाठी वॉर्निंग आली तरच तो बोंबलतो, नाहीतर गप्प. आणि बोंबलतो म्हणजे काय, बाळंतीण, बाळ, मी, सगळे ताडकन उठलो. मग एक मशीनचा सपाट आवाज गावांची नावं आणि वेळा वाचत बसतो, त्या आवाजात ना घाई ना काळजी, पण ऐकणाऱ्याचे हातपाय गार. फोनवरही अलर्ट आला, पण जावयांचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि लेकीचा सायलेंटवर. बाहेरचे भोंगे आहेतच, पण ते मोकळ्यावर असलेल्या माणसांसाठी, बंद घरात झोपेत ऐकू येतीलच असं नाही. त्यांच्या टेस्टिंगला दर शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो, पहिल्या शनिवारी मी हातातलं पीठ तसंच घेऊन गॅरेजकडे निघाले होते!

वॉच आणि वॉर्निंग वेगळं असतं हे तिथे पोराटोरांनाही पाठ. वॉच आला म्हणजे वातावरण तयार आहे, बूट, टॉर्च, चार्जर हाताशी ठेवा. वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरणं दिसलंय किंवा कोणीतरी डोळ्यांनी बघितलंय, आत चला, साधारण दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर मिळाली. शेल्टरमध्ये सायकलची हेल्मेटं टांगून ठेवलेली, बाळाला कार सीटमध्ये बांधून घेतलं, पायात बूट सक्तीचे, कारण नंतर बाहेर काचा आणि खिळे. मी फक्त डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पासपोर्ट घेतला. खाली उतरल्यावर मात्र हा लाल रेडिओ कामाला आला. लाईट गेली, फोनची रेंज लटपटली, हा मात्र हँडल फिरवला की बोलतो आणि टॉर्चही देतो. आमच्याकडे वारा आणि गारांवरच निभावलं.

निघताना जावयांनी हाच बॅगेत घातला, मुंबईत वादळं येतात म्हणून. आता इथली कथा.

वेदर बँडचं बटण मुंबईत पूर्ण फुकट. तो बँड १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनलवर चालतो आणि त्यावर बोलतात ते अमेरिकन हवामान खात्याचे स्वतःचे ट्रान्समीटर. इथे नुसतं खरखर. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा डबा बनवलाय तीच नाही. एफएम झकास लागतं. एएमची गंमत अशी की तिकडे स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या, त्यामुळे आकड्यांच्या स्क्रीनवाला अमेरिकन सेट घेतला तर तो ५५० वरून उडी मारून ५६० वर जातो आणि आपली अस्मिता वाहिनी ५५८ वर मधेच लटकते. माझ्यावाल्याला जुन्या पद्धतीची फिरवायची चकती आहे म्हणून वाचले. घ्यायचाच तर चकतीवाला घ्या किंवा ९/१० चा स्विच असलेला बघा. आणि तो कोडवाला पांढरा सेट तर अजिबात उचलून आणू नका, इथे त्याला ऐकायला कोणी नाही आणि तिथला ११०-१२० व्होल्टचा ॲडाप्टर आपल्या प्लगमध्ये गेला तर धूर.

हँडलने मोबाईल चार्ज होतो असं खोक्यावर लिहिलंय, ते लिहिलेलंच बरं. दंड भरून येतात आणि टक्का हलत नाही. रेडिओ आणि टॉर्चसाठी मात्र मिनिटभर फिरवलं की पुष्कळ. सोलर पॅनल आमच्या पूर्वेच्या गॅलरीत नावापुरतं. सायरन भयंकर आहे, नातवंडांपासून लांब ठेवा, शेजारच्या आर्याने दाबला आणि वॉचमन काठी घेऊन वर आला.

मुंबईला टोर्नेडोची भीती नाही, हे खरं. पण मे महिन्यातल्या वाऱ्याला हसण्यावारी नेऊ नये. १३ मे २०२४ ची दुपार आठवा, चारच्या सुमारास आभाळ मातकट झालं, धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर ते १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ जण गेले. पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. त्याच्या आधी १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला लागलंही नव्हतं, लांबून गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. आमच्या गच्चीवरचा पत्रा त्या दिवशी समोरच्या विंगच्या जिन्यात सापडला. त्यामुळे तिकडून शिकलेलं इथे वापरते ते एवढंच, अंदाज आला की कठड्यावरच्या कुंड्या आत, गच्चीवरचं सुटं सामान बांधायचं, गाडी झाडाखाली किंवा होर्डिंगखाली लावायची नाही, आणि वारा सुटल्यावर खिडकीत उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही (हे आमच्या ह्यांना उद्देशून).

आणि इथे उठवायचं काम फोनच करतो. आपत्ती व्यवस्थापनाचं सचेत ॲप मराठीत अलर्ट देतं, वीज कुठे पडतेय त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, झाड पडलं तर पालिकेचा १९१६. हे सगळं फुकट आहे. म्हणजे नुसत्या मुंबईसाठी कोणी तीस डॉलर घालत असेल तर मी नको म्हणेन, पाचपैकी अडीच, तेही टॉर्चसाठी. एवढ्यात इथे चांगला इमर्जन्सी लाईट आणि पॉवर बँक येते.

पण गाव कोकणात असेल तर वेगळं. आमचे धाकटे भाऊजी दापोलीजवळ असतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस लाईट नाही, मोबाईलचा टॉवर बंद, मुंबईत आम्ही फोन लावून लावून थकलो. ॲप कितीही चांगलं असलं तरी रेंजच नसेल तर काय करणार? गणपतीला गेले तेव्हा हा डबा घेऊन गेले, तिथे रत्नागिरी आकाशवाणी स्वच्छ लागलं, मागच्या अंगणातल्या उन्हात सोलर पॅनलही दिवसभरात बऱ्यापैकी भरलं, आणि जाऊबाई रात्री गोठ्यात जाताना टॉर्च म्हणून वापरायला लागल्या. तिथे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चार्जिंगच्या पिनेसाठी, माझ्यावाल्याला जुनी मायक्रो यूएसबी आहे आणि ती केबल आता घरात शोधावी लागते, नवीन घेताना टाईप-सी बघूनच घ्या.

सध्या माझ्याकडे तो नाही, भाऊजींनी ठेवून घेतलाय. लेकीला दुसरा आणायला सांगितलाय, डिसेंबरात येतेय ती, तोपर्यंत कोणी फिरवून बघायला म्हणून बेल वाजवू नका.