जुन्या शाळेचे ऊर्जाबचतीचे नूतनीकरण : काम चोख, पण हवेचा विसर

आमच्या शाळेच्या जुन्या दगडी इमारतीचे ऊर्जाबचतीच्या दृष्टीने नूतनीकरण करून देणाऱ्या संस्थेचे काम संपून एक शैक्षणिक वर्ष उलटले आहे. इमारत समितीची सदस्य म्हणून मी पाचपैकी साडेतीन गुण देईन.

छतावर सौर पॅनेल बसवा, एवढाच सुरुवातीला आमचा आग्रह होता (पॅनेल रस्त्यावरूनही दिसतात, छपराखालचा थर कोणालाच दिसत नाही). परंतु इमारतीची गरज आधी कमी केल्याशिवाय किती क्षमतेची यंत्रणा लागेल हे ठरवताच येत नाही, असे सांगून संस्थेने प्रथम छपराखाली उष्णतारोधक थर घातला, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या आणि मगच पॅनेलना हात घातला. भिंतींबाबतची त्यांची जाण मला अधिक मोलाची वाटली. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते, सिमेंट मात्र ती आत कोंडते, आणि ओल्या भिंतीतून उष्णताही अधिक वाहते. म्हणून मागच्या डागडुजीतला सिमेंटचा गिलावा खरवडून त्यांनी पुन्हा चुन्याचा गिलावा केला. पोपडे धरणे तेव्हापासून थांबले आहे. दिव्यांविषयी तक्रार नाही: ३६ वॅटच्या नळ्यांऐवजी १८ वॅटचे एलईडी आले आणि फळाही चकाकत नाही.

चूक झाली ती हवेबाबत. खिडक्या घट्ट बसल्या, वरचे झरोके बुजवले गेले आणि भरलेल्या वर्गात ताजी हवा यायला वाटच उरली नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो आणि वर्गात तो १००० च्या आत राहावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आम्ही मापक ठेवला, तेव्हा दुसऱ्या तासालाच ती मर्यादा ओलांडली गेली होती. तोवर मुलांच्या पेंगण्याचा दोष गणिताला दिला जात होता. तक्रारीनंतर संस्थेने वाद न घालता, बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा बसवली. पण ती मूळ आराखड्यातच असायला हवी होती, कारण नंतर बसवलेल्या हवेच्या नळ्यांची घरघर आता मागच्या बाकांवर ऐकू येते.

हस्तांतरणही घाईत उरकले गेले. माहितीपुस्तिका मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली, बटणे मात्र शिपायांच्या हाती होती. परिणामी पहिल्या दीर्घ सुट्टीत यंत्रणा रिकाम्या वर्गांसाठी रोज चालत राहिली. वेळापत्रकात सुट्ट्या कशा भरायच्या, हे शेवटी शिपायांनीच स्वतः शोधून काढले.