उन्हात वाळवायचे पॅड : एका बचत गटाच्या कापडी पॅडविषयी आणि त्यासोबतच्या सत्राविषयी

आमच्या तालुक्यातील एका महिला बचत गटाने शिवलेले कापडी पॅड आमच्या जिल्हा परिषद शाळेतील सातवी-आठवीच्या मुली, त्यांच्या आया आणि आम्ही शिक्षिका गेल्या उन्हाळ्यापासून वापरत आहोत. उन्हाळा, पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम अशा तिन्ही काळांत ते वापरून झाल्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहिण्यास हरकत नाही. पॅड चांगले आहे. त्यात उणिवा आहेत आणि त्या पुढे सांगणारच आहे. मात्र गटाच्या महिला संच देण्यापूर्वी गावात येऊन पाळीविषयी जे सत्र घेतात, ते सत्र ठरवून घेतल्याशिवाय नुसते पॅड मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संचात चार पॅड येतात, दोन आखूड आणि दोन लांब, सोबत चेनची एक छोटी पिशवी. अंगाला लागणारा थर मऊ सुती फ्लॅनेलचा आहे, आत सुती कापडाच्या घड्या आहेत आणि तळाला पाणी न झिरपणारे पातळ कापड आहे. दोन्ही बाजूंचे पंख चड्डीखाली घेऊन टिचबटणाने बसवायचे असतात, त्यामुळे पॅड जागचे हलत नाही. आमच्या मुली खो-खोच्या सरावाला हेच लावून उतरल्या आणि कोणाचीही तक्रार आली नाही. घरच्या जुन्या साडीच्या घडीला नाडी किंवा पिन लावून दिवसभर सावरत बसण्याच्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे. घडी सरकेल या धास्तीने मागच्या बाकावर बसणाऱ्या आणि फळ्यापाशी यायला नकार देणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत.

आता उणिवा. पहिल्या दोन दिवसांत ज्यांना जास्त अंगावर जाते, त्यांना आखूड पॅड चार तासांपलीकडे पुरत नाही, त्यामुळे एसटीने ये-जा करणाऱ्या मुलींनी लांब पॅडच वापरावे. तळाच्या कापडातून हवा खेळत नसल्याने एप्रिल-मे महिन्यांत जांघेत घामोळे येते. कडेची शिलाई काही धुण्यांनंतर ताठ होते आणि चालताना काचते. तेथे दुमडलेली गोट घातली तर हा त्रास कमी होईल. मात्र सर्वांत मोठी उणीव आतल्या घड्यांची आहे. त्या चारही बाजूंनी शिवून बंद केलेल्या असल्यामुळे पॅड वाळायला फार वेळ लागतो. जुन्या पद्धतीचे सुती फडके उलगडून पसरले की कडक उन्हात तासाभरात खडखडीत वाळते. हे पॅड मात्र वरून कोरडे लागले तरी आतून दमट राहू शकते, आणि पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस ओलसर राहते. आतली घडी एका बाजूने मोकळी ठेवून ती बाहेर काढता येईल अशी रचना गटाने करावी, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना आहे.

या सूचनेवर मी एवढा भर देते, कारण कापडी पॅडची खरी कसोटी ते कोठे वाळते यावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी सुमारे ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी नॅपकिन वापरत असल्याचे सांगितले, तरी जवळपास निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचेही सांगितले. म्हणजे अनेक जणी दोन्ही वापरतात आणि कापड काही संपलेले नाही. कापड स्वतः वाईट नसते. ते साबणाने नीट धुतले, उन्हात कडक वाळवले आणि कोरड्या जागी ठेवले तर चालते. पण आमच्या भागात ते गोठ्याच्या मागच्या कुडावर, पलंगाखाली बांधलेल्या सुतळीवर, नाहीतर ओल्या परकराच्या आत दडवून वाळवले जाते आणि पूर्ण वाळण्याआधीच बोचक्यात कोंबले जाते. ओडिशातील रुग्णालयांत आलेल्या महिलांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुन्हा वापरायचे कापड घराच्या आत वाळवणाऱ्या महिलांमध्ये योनिमार्गाचा बुरशीजन्य संसर्ग अधिक आढळला होता. आमच्या बायका अंगावरून पांढरे जाणे, खाज आणि लघवीची जळजळ यांना बाईच्या जन्माला चिकटलेले भोग समजतात. त्यातला निदान काही भाग लाजेपोटी सावलीत वाळवलेल्या कापडाचा आहे, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

गटाने पॅडच्या खालच्या बाजूस फुलाफुलांचे छापील कापड लावले आहे. दोरीवर टाकल्यावर ते लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखे दिसावे हा त्यामागचा हेतू आहे, आणि गटाच्या ताईंनी तो मोकळेपणाने सांगितलाही. हे लपवणेच झाले, असा आक्षेप आमच्याच शाळेतील एका तरुण शिक्षिकेने घेतला. मला तो पूर्णपणे पटत नाही. सासू, सासरे, दोन दीर आणि एकच अंगण असलेल्या घरातल्या सुनेला पहिल्याच महिन्यात आपल्या पॅडचा झेंडा करायला सांगणे सोपे आहे, पण त्याचे परिणाम तिला एकटीला भोगावे लागतात. फुलांच्या कापडामुळे पॅड अंधारातून उन्हात आले, एवढे तरी निश्चितपणे साधले आहे. मात्र अंगाला लागणाऱ्या थराचा गडद मरून रंग मला मान्य नाही. डाग दिसू नये म्हणून गिऱ्हाइकच तो रंग मागते असे गट म्हणतो. पण डाग दिसला नाही तर पॅड नीट धुतले गेले की नाही हे मुलीला कळणार कसे? वरचा थर फिकट असावा आणि राहिलेल्या पुसट डागाने काही बिघडत नाही, हे सत्रात सांगावे.

आता त्या सत्राविषयी. आमच्याकडे ते अंगणवाडीच्या खोलीत झाले. गटाची एकच अट होती, की मुलींबरोबर आया तर याव्यातच, पण घरातील सासू किंवा आजीनेही यावे; कापड कोठे वाळवायचे, स्वयंपाकघरात कोणी शिरायचे आणि लोणच्याच्या बरणीला कोणी हात लावायचा, याचे निर्णय आमच्या घरांत त्याच घेतात. सत्र घेणाऱ्या दोन्ही ताई आमच्यासारख्याच गावच्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी पाळी म्हणजे काय हे गर्भाशयाच्या कापडी नमुन्यावर दाखवले. अस्तर कसे तयार होते, गर्भ राहिला नाही तर ते कसे सुटून बाहेर येते, हे सांगताना त्यांनी अशुद्ध रक्त, घाण किंवा विटाळ असा शब्द एकदाही वापरला नाही. मग त्यांनी घमेल्यात कुंकवाचे पाणी केले, त्यात एक पॅड भिजवले आणि ते थंड पाण्यात कसे भिजत घालायचे, गरम पाणी टाकले तर डाग कसा पक्का होतो, साबण कोठे चोळायचा, हे सर्वांसमोर करून दाखवले. शेवटी ते पिळलेले पॅड त्यांनी अंगणवाडीच्या पुढच्या दोरीवर, रस्त्यावरून दिसेल असे, दोन चिमटे लावून टाकले आणि पुढचा सगळा वेळ तेथेच राहू दिले.

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका आजींनी विचारले, "अगं बाई, पर सापाची नजर पडली म्हंजी? आमच्या येळंला तर फडकं पुरून टाकायचे. साप वलांडून गेला तर बाईला लेकरू व्हत न्हाई म्हणायचे." ताईंनी त्यांना खोटे पाडले नाही. "आजी, तुमची फडकी पुरली तरी घरात पोरं किती झाली?" असे त्यांनी विचारले. सात, असे उत्तर आले. "आणि शेजारच्या ज्या काकूंना मूल झालं नाही, त्या कुठं वाळवायच्या?" त्याही पुरतच होत्या. आजी थोडा वेळ विचार करत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी सापाचा काय संबंद न्हाई." त्यानंतर इतर बायका बोलू लागल्या. पापड लाल पडतात, तुळस जळते, घरात देवीचे कार्य असले की गोळ्या खाऊन पाळी पुढे ढकलावी लागते, असे एकेक बाहेर आले. मला या गोष्टी नव्या नव्हत्या, पण सासू आणि सून एकाच सतरंजीवर बसून त्या बोलत आहेत, हे मी यापूर्वी पाहिलेले नव्हते. पुढच्या महिन्यांत वाड्यांवरच्या दोऱ्यांवर फुलाफुलांचे कापड दिसू लागले. सर्वच घरांत नाही; काही घरांत मुली अजूनही बाजूला बसतात आणि त्यांचे ताट वेगळे असते.

विकतच्या एकदा वापरायच्या पॅडशी तुलना करणे भाग आहे, कारण मुलींच्या मनात तेच वरचे असते. सरकारने त्या दिशेने बरेच केले आहे. २०१८ च्या महिला दिनी राज्यात सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांना देण्याचे ठरले. त्याच वर्षी जुलैमध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. आणि ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत सुविधा नावाचे पॅड एक रुपयाला एक मिळू लागले. शहरात किंवा तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीसाठी ही मोठी सोय आहे. आमच्या गावात जनऔषधी केंद्र नाही. किराणा दुकानात पाकीट मिळते, ते दुकानदार कागदात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालून देतो, आणि दुकानात पुरुष उभे असले तर मुलगी ते न घेताच परतते. वापरलेल्या पॅडचा प्रश्न तर वेगळाच आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते गुंडाळून, वेगळे करून द्यायचे आहे. पण घंटागाडीच जेथे येत नाही तेथे ते ओढ्यात, उकिरड्यावर किंवा शाळेच्या शौचालयाच्या भांड्यात जाते, आणि भांडे तुंबले की ते शौचालय सगळ्यांसाठीच बंद होते. कापडी पॅडने हा प्रश्न पुष्कळ कमी केला आहे.

मात्र ज्यांच्यासाठी हे पॅड मुळीच सोयीचे नाही, अशा बायका आमच्या जिल्ह्यात हजारो आहेत. ऊसतोडीला जाणारी बाई कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते, पहाटे फडात उतरते, मोळ्या वाहते. धुवायला पाणी नाही, बदलायला आडोसा नाही आणि खाडा केला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची जी पाहणी झाली, तिच्यात ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पाळी ही कामातली अडचण ठरली आणि पोटदुखी किंवा अंगावर जाणे यांसाठी गेलेल्या बाईला थेट शस्त्रक्रियेचाच मार्ग दाखवला गेला. बाईने आधी कोणाशी बोलायचे नाही, डॉक्टरला नीट सांगायचे नाही, नवऱ्याला कळू द्यायचे नाही, या गप्प राहण्याचा त्यात मोठा वाटा आहे असे मला वाटते. गटाच्या सत्रात पिशवी काढण्यावर दोन वाक्ये बोलली गेली; आमच्या भागात तो अर्ध्या तासाचा विषय आहे. उपचाराचे इतर मार्ग काय असतात, दुसऱ्या डॉक्टरचे मत का घ्यावे, कमी वयात शस्त्रक्रिया झाल्यावर शरीरावर काय परिणाम होतात, हे कोणीतरी जाणकाराने, शक्यतो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर किंवा परिचारिका यांनी, त्या सत्रात येऊन सांगायला हवे. आणि हंगामाला निघणाऱ्या बाईला कापडी संच विकण्याचा आग्रह गटाने धरू नये. तिला फडावर विकतचे पॅड वापरू द्यावे आणि परत आल्यावर हे द्यावे.

सत्रातली दुसरी उणीव मुलग्यांची आहे. त्या दिवशी मुलगे मैदानावर खेळायला पाठवले गेले आणि ते खिडकीतून डोकावत राहिले. नंतर वर्गात जे चिडवणे झाले, ते या अर्धवट ऐकण्यातून झाले. आमचे मुख्याध्यापक तयार असते, तर मुलग्यांसाठी वेगळे सत्र त्याच दिवशी घेता आले असते, आणि गटानेही तशी तयारी ठेवावी. दोरी अंगणात बांधायला घरातला पुरुषच लागतो असे नाही, पण ती तोडणारा बहुतेक वेळा पुरुषच असतो.

किमतीविषयी सांगायचे तर संच साडेतीनशे रुपयांना पडतो. एकरकमी ही रक्कम मजुरी करणाऱ्या घराला जड जाते, म्हणून गट दोन हप्ते करून देतो आणि शाळेमार्फत मागणी केल्यास थोडी सूट देतो. नीट वापरल्यास पॅड दोन वर्षे टिकतील असे गटाचे म्हणणे आहे. आमच्याकडे अजून फक्त काही टिचबटणे सैल झाली आहेत आणि ती गटाने विनामूल्य बदलून दिली. चार पॅड एका मुलीला पावसाळ्यात पुरत नाहीत, तेव्हा जून ते सप्टेंबरसाठी दोन जादा लांब पॅड घ्यावेत. मागणी नोंदवताना वरचा थर फिकट रंगाचा हवा असे आवर्जून सांगावे; गट तसे शिवून देतो, फक्त आठ-दहा दिवस जास्त लागतात.