रोपांच्या हिशेबात असं फसवतात, सांगलीकरांनो सावध राहा

विश्रामबागेतल्या आमच्या घरामागची २४ बाय २५ फुटांची जागा सासूबाईंनी जास्वंद-मोगऱ्यासाठी राखली होती. बागेचं काम घेणारा एकजण आला, टेप लावली आणि त्यांच्यासमोरच कॅल्क्युलेटर काढला. "काकू, सहाशे स्क्वेअर फूट जागा. चार फुटांवर एक झाड. सहाशे भागिले चार, दीडशे रोपं." ९० रुपयांनी १३,५०० झाले, खड्डे-खत वेगळं. पैसे आधीच घेतले.

ऐकायला हिशेब चोख वाटतो, लबाडी तिथंच आहे. चार फूट अंतर लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे सोडायचं असतं, म्हणजे एका रोपाला चार गुणिले चार, १६ स्क्वेअर फूट लागतात. भिंतीपासून दोन फूट सोडून दोरी धरली, तर सहा ओळी आणि ओळीत सहा, अशी ३६ रोपं बसतात. पायवाट आणि पाण्याची टाकी वजा केली की राहतात २८!

लागवड झाल्यावर मी टेप धरली, तर दोन रोपांत जेमतेम पावणेदोन फूट. जाब विचारला तर म्हणतो, "रोपं मरतात ओ वहिनी, जादा धरावीच लागतात." नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, शेकडा पाच-दहा रोपं जादा घेतात, पाचपट कोण घेतं? मग त्रिकोणी पद्धतीचं, म्हणजे एका ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध पुढच्या ओळीतलं रोप लावण्याचं कारण काढलं. तीत जास्त बसतात हे खरं, पण त्याच अंतरावर फार तर १५ टक्के. पैसे काही परत दिले नाहीत.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात त्या दाटीत वारा खेळेना, मोगऱ्याची मुळं कुजली, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड आली. सासूबाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायच्या. बघून जीव तुटायचा.

फळबाग करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. घन लागवडीत, म्हणजे झाडं नेहमीपेक्षा जवळ लावताना, पाच बाय पाच मीटरवर आंब्याची एकरी १६० कलमं बसतात. एकराच्या चौरस मीटरना पंचवीसऐवजी नुसत्या पाचनं भागणारा तुमच्या गळ्यात ८०० मारेल.

कोटेशनवर ओळींतलं आणि रोपांतलं, दोन्ही अंतरं लिहून घ्या. आधी चुन्यानं खुणा करायला लावा, स्वतः मोजा आणि तेवढ्याच रोपांचे पैसे द्या.