जप्तीतलं ओव्हरलॉक मशीन परत मिळालं – सिव्हिल लाइन्सच्या वकील साहेबांचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

नागपूरला महाल भागात दिराच्या दुकानात समोरच्या अर्ध्या भागात माझं पिको-फॉलचं काम चालते. दिरानं घेतलेले उसने पैसे थकले, त्याच्यावर डिक्री (पैसे भरायचा कोर्टाचा हुकूम) झाली आणि एक दिवस भरदुपारी जप्तीसाठी कोर्टाचे बेलिफ आले. त्याचं सामान लिहिलं ते ठीक आहे, पण माझं ओव्हरलॉक आणि पिकोचं मशीन पण धरलं, मी सांगून राहिली की साहेब हे माझं आहे, तर म्हणे ताई ते कोर्टात सांगा. पंचनाम्यात फक्त "शिलाई मशीन 2 नग, जुने", ना कंपनी ना नंबर. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांच्या साड्या तशाच पडल्या, रात्री झोप नाही.

नणंदेनं हे वकील सुचवले. पहिल्याच भेटीत माझं बोलणं अर्ध्यात थांबवून म्हणाले, ताई कागद काय काय आहेत ते सांगा. तेव्हा राग आला, पण नंतर समजलं की सगळं त्याच्यावरच होतं. मशीनच्या खरेदीचं बिल, माझ्या पासबुकातून कटलेले त्याचे हप्ते, सगळं मागितलं. त्यांचा ज्युनियर स्वतः दुकानात आला, ओव्हरलॉकच्या खालची तेलकट पट्टी फडक्यानं पुसली आणि नंबरचा फोटो काढला, बिलावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला!

सगळे म्हणत होते वेगळा दावा टाका, म्हणजे वर्षं जातील. यांनी सांगितलं दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 21 नियम 58 आहे, जप्ती करणाऱ्या कोर्टातच हरकतीचा अर्ज द्यायचा आणि मालकी कोणाची ते तेच कोर्ट ठरवते, 1976 च्या दुरुस्तीपासून असं आहे. पण लिलाव झाल्यावर अर्ज दिला तर ऐकत नाही, मुद्दाम उशीर केला वाटलं तरी नाही, म्हणून दोन दिवसांत शपथपत्रासकट अर्ज लावला आणि लिलाव थांबवायला पण मागणी केली. मी ऐकून होती की कारागिराची अवजारं जप्तच होत नाहीत, तर म्हणाले त्याच संहितेच्या कलम 60 मधलं ते संरक्षण ज्याच्यावर कर्ज आहे त्याच्या अवजारांना, तुम्ही तर कर्जदारच नाही, आपला मुद्दा मालकीचा.

ओव्हरलॉक सुटलं. पिकोचं नाही सुटलं, ते जुनं होतं, रोखीनं घेतलेलं, बिलच नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, खोटी आशा नाही लावली, याचं मला फार मोल वाटते. अपील होते म्हणाले, कारण असा हुकूम डिक्रीसारखाच असतो, पण मशीनच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होईल म्हणून मीच नाही म्हटलं.

एक स्टार कमी याच्यासाठी की दिवसा फोन उचलतच नाहीत, आणि टायपिंग, स्टॅम्पचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो, आधीच विचारून घ्या. संध्याकाळी गेलं तर निवांत बोलतात. जाताना बिल आणि पासबुक ओरिजिनल न्या, झेरॉक्स पाहून ते पुन्हा घरी पाठवतात.